अंगणात न नेलेली बाटली

२ डिसेंबर २०२४, सोमवार

सकाळी साईनाथ आला. माझा जुना विद्यार्थी, पाठांतरात पहिला. आता संस्थेचा चिटणीस. शाळेला पन्नास वर्षं होतात. ११ जानेवारीला सोहळा आहे आणि त्याच दिवशी नव्या प्रयोगशाळेला माझं नाव द्यायचं ठरलंय. 'सखाराम सर विज्ञान प्रयोगशाळा.' मी म्हटलं, बाबा, मी जन्मभर कविता चालीवर म्हणून घेतल्या, विज्ञानाशी माझा काय संबंध? तर म्हणाला, "सर, ती पंधरा घरांची पेटी शाळेत कुणी आणली? पाटी त्या पेटीच्या वरच लावतोय."

ती पेटी! १९९३ सालची गोष्ट. तालुक्यातलेच एक शास्त्रज्ञ मुंबईत निवृत्त झाले, त्यांनी शाळेला दिली. सागवानी पेटी, आत मसाल्याच्या डब्यासारखी पंधरा घरं, चौदा बुटक्या बाटल्या. लॅन्थनमपासून ल्युटेशियमपर्यंत, दुर्मिळ मूलद्रव्यांच्या पंधरा भावंडांचे क्षार. प्रोमिथियमचं घर रिकामं. तो टिकतच नाही, आपला आपण विझत जातो. मी आणि प्रयोगशाळेचा शिपाई जमाल, टेंपोच्या मागे बसून पेटी आळीपाळीने मांडीवर घेत कर्जतला आलो. दर खड्ड्याला जमाल पेटीला थोपटून म्हणायचा, "सांभाळ गं बाय."

पोरांना नावं पाठ व्हावीत म्हणून मी ती पद्यात बसवली होती. अजून तोंडात आहे:

लॅन्थनम, सिरियम वडील दोघे बसले ओट्यावरी,
प्रेसिओ-निओ जुळी लेकरे खोड्या करिती घरी,
घर पाचवे उघडे पडले, दार वाजवी वारा,
प्रोमिथियम तो गेला कोठे, विचारू नका पोरा.

साईनाथने स्मरणिकेसाठी कविता लिहून नेली. पेटीत एक बाटली कमी आहे म्हणाला. मी म्हटलं, आहे, माझ्याकडे आहे. देतो.


३ डिसेंबर, मंगळवार

आतल्या खोलीतली ट्रंक उघडली. निओडिमियमची बाटली पाकिटात गुंडाळलेली, पाकिटावर माझी सही, तारीख २४ नोव्हेंबर १९९५. ट्यूबच्या उजेडात धरून पाहिली. तशीच. फिक्की निळी. मोरचुदाचा चुरा.

शाळेत कुणाला हे प्रकरण आता आठवत नसेल. मी विसरलेलो नाही. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेत ट्यूब बसवल्या. तोवर एक पिवळा बल्ब होता. सुट्टीनंतर सामानाची वार्षिक तपासणी. मी पर्यवेक्षक होतो, पेटी माझ्या सहीने आलेली. संध्याकाळी सहा वाजता पेटी उघडली तर निओडिमियम निळं! मी दोन वर्षं पाहिलेलं ते जांभळट होतं, माथेरानच्या वाटेवरच्या कारवीच्या फुलासारखं. रसायनाचे शिक्षक त्या वर्षी तात्पुरते होते. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं, रंग जांभळट. बुचाची लाख एका कडेला तडकलेली. म्हणजे महागाचं द्रव्य कुणीतरी काढून विकलं आणि चिमूटभर मोरचूद भरून ठेवलं.

संस्थेच्या बैठकीत विचारलं, पेटीच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? मी म्हटलं, जमालकडे.

आठवड्यात त्याला काढलं. पोलिसात दिलं नाही, ते माझ्याच शब्दाखातर. तेवढं मी केलं.

माझी बायको सुनंदा तेव्हा म्हणाली होती, जमाल तसला माणूस नाय, एकदा त्याचं ऐकून तरी घ्या. आता ती नाही. बाटलीत खोट होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याला मी काय करणार?


६ डिसेंबर, शुक्रवार

विहारात जाऊन आलो. मिलिंद रात्रीच दादरला गेला. चिरंजीवांना अजून रांगेत उभं राहायची ताकद आहे, मला नाही. पोरांनी मेणबत्त्या लावल्या. आमच्या वाडीतून मॅट्रिक झालेला मी पहिला, पर्यवेक्षक झालेला पहिला, मुख्याध्यापक झालेला पहिला. एका पोराने विचारलं, सर, तुमच्या नावाची लॅब होणार ना? म्हटलं, होणार.


८ डिसेंबर, रविवार

जागृती, माझी नात, रसायनात एम.एस्सी. करते. शाळेने पेटीची मांडणी तिच्याकडे दिली. बाटली मागायला आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, की ही खोटी आहे, आत मोरचूद आहे, मांडायची तर तशी चिठ्ठी लाव. ती बाटली घेऊन अंगणात गेली. तिथूनच हाक मारली, आबा, कोण म्हणतं खोटी? काय सुंदर जांभळं आहे.

मी गेलो नाही. मोतीबिंदू निघाल्यापासून मला ऊन सोसत नाही. तिचं वय स्वप्नं पाहायचं आहे. पुस्तकात वाचलेला रंग तिला दिसणारच.

दुपारी मात्र आठवत बसलो. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी जमाल माझ्याकडे आला होता. हात जोडले नाहीत, रडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, बाटली घेऊन जरा अंगणात चला." मला वाटलं, एकट्याला गाठून गयावया करणार. कदाचित हातातून बाटली घेऊन बदलणारही. मी म्हटलं, जे सांगायचं ते बैठकीत सांग. तो गेला. अंगणात काय सांगणार होता कुणास ठाऊक.


१० डिसेंबर, मंगळवार

जागृतीशी बोलणं नाही. परीक्षा आहे म्हणते. बाटली तिच्या टेबलावर आहे, पाकीट फाडून टाकलं.


१५ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

जागृतीने मला हाताला धरून अंगणात नेलं. बाटली उन्हात धरली. कारवीचं फूल. तोच रंग, तीस वर्षांपूर्वीचा. मी म्हटलं, तू आतलं बदललंस.  तिने बाटली माझ्याच मुठीत दिली आणि मला आतल्या खोलीत घेऊन आली. घरात सगळीकडे नवे दिवे आहेत, फक्त या खोलीतली जुनी चोकवाली ट्यूब मी बदलू दिली नाही. तिची गुणगुण मला आवडते. तिने खिडकी लावली, ट्यूब लावली. "आता मूठ उघडा."

निळी.

पुन्हा अंगणात. जांभळी. पुन्हा आत. निळी. चार वेळा मी स्वतः गेलो-आलो. उज्वला, माझी सून, स्वयंपाकघरातून विचारत होती, आबांचं काय हरवलंय?

मग जागृतीने समजावलं. या पंधरा भावंडांमध्ये पुढच्या भावाच्या घरात एकेक इलेक्ट्रॉन वाढतो, पण तो ओटीवर येऊन बसत नाही, आत माजघरात जातो. म्हणून बाहेरून सगळे सारखे. बहुतेक व्यवहारात तीनच इलेक्ट्रॉन देतात. एकमेकांपासून वेगळे करताना लोकांची आयुष्यं गेली. आत माणसं वाढतात तसं घर उलट आक्रसत जातं, लॅन्थनम मोठा, ल्युटेशियम सगळ्यांत बारका. आणि हे माजघरातले इलेक्ट्रॉन उजेडातले ठरावीक रंग तेवढे अगदी नेमके गिळतात. उन्हात सगळे रंग असतात, निओडिमियम पिवळा गिळतो, उरतो तो जांभळट. जुन्या ट्यूबच्या उजेडात रंगच मोजके. त्यातला पिवळा गेला की निळसर उरतं. द्रव्य तेच. उजेड वेगळा.

मी विचारलं, हे कुणाला माहीत असतं?

ती म्हणाली, "सगळ्यांना, आबा. पुस्तकात असतं. आणि मोरचूद आहे की नाही हे बघायला अमोनियाचे चार थेंब पुरतात. मोरचूद असेल तर गडद निळं होतं. पाच मिनिटांचं काम होतं."

म्हटलं, बाटली उघडायची नाही असा ठराव झाला होता, पुरावा म्हणून.

"ठराव कुणी मांडला होता?"

मी पाणी प्यायलो आणि पडून राहिलो.


१६ डिसेंबर, सोमवार

इथे कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. कपाटाला दोन किल्ल्या होत्या. दुसरी माझ्याकडे. बैठकीत ते कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दोन सभासद आधीपासूनच कुजबुजत होते, की यांच्या हातात साहित्य दिलं की असं होतं. 'यांच्या' म्हणजे कुणाच्या ते मला कळत होतं. पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा भरायची होती. मी गप्प राहिलो असतो तर बोट माझ्याकडे आलं असतं. मी एक नाव घेतलं. जमालचं.


२२ डिसेंबर, रविवार

लोधिवलीला जाऊन आलो. जागृती बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. चौकला एसटीतून उतरलो, पुढे मिनिडोर रिक्षा. जुन्या हायवेला लागून जमालचं पंक्चरचं दुकान होतं, ते आता बंद आहे. मागे दोन खोल्या. मुलगी रुकय्या शिवणकाम करते, तिच्याजवळ राहतो.

मला पाहून तो खाटेवरून उठायला लागला. गुडघे गेलेत. म्हणाला, "या सर. बसा. तुमी आक्रसलात की."

मला ल्युटेशियम आठवला. मी बाटली काढली आणि त्याला दाखवायला दाराकडे, उन्हाकडे वळलो. तो हसला. म्हणाला, ऱ्हाऊ द्या सर, मला ठावं हाय. दिवसा जांभळी, ट्यूब लावली की निळी. दिवाळीनंतर रोज संध्याकाळी झाडू मारताना बघायचो. "मला वाटायचं, तुमी शिकलेली माणसं, तुमाला ठावं असंलच. तपासणीच्या राती घरी गेलो तवा डोक्यात परकाश पडला. सकाळी तेच सांगाया आलो होतो. अंगणात चला म्हणलं."

मी म्हटलं, बैठकीत का नाही सांगितलंस?

"बैठकीत मला आत घेतलाच कुठं? दाराभायेर उभा होतो."

रुकय्याने चहा आणला. ती तेव्हा नववीत होती, माझ्याच वर्गात, वही मोत्यासारखी. मी विचारलं, पुढे कुठल्या शाळेत गेलीस? ती म्हणाली, कुठल्याच नाही. "पोरी मागच्या बाकावरून मोरचूद म्हणायच्या, सर. ए मोरचूद, डबा खायला चल. दोन महिने गेले, मग मीच जायची बंद झाले." आता त्याच पोरींनी गेल्या वर्षी तिला शोधून वर्गाच्या ग्रुपमध्ये घेतलंय. सकाळ-संध्याकाळ फुलं पाठवतात.

 मी पेटीची कविता म्हणायला लागलो. चौथ्या ओळीला जमाल बरोबरीने म्हणाला, विचारू नका पोरा. मग रुकय्याकडे वळून म्हणाला, "शेवटच्या दोन वळी माज्या हायेत हां. सरांना प्रोमिथियमला काय जुळत नव्हतं."

हे मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

निघताना मी त्याचा हात धरला. म्हटलं, जमाल, सांग, मी काय करू? माफी लिहून देऊ? साईनाथशी बोलू? त्याने हात सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

"तुमचं फंक्शन हाय ना? मला तिथं येता याचं नाय. तिथं माइकवर माजं नाव घ्या. जमालनं चोरी केली नव्हती, येवढं बोला. मिटिंगमदी तुमी तीनदा नाव घेतलं होतं माजं, दाराभायेर मोजत होतो मी. आता येकदा घ्या. बाकी काय नको."

मी शब्द दिला.


२८ डिसेंबर, शनिवार

साईनाथला फोन केला, की कवितेखाली जमालचंही नाव छाप. तो म्हणाला, सर, स्मरणिका छापून झाली. मग विचारलं, जमाल कोण?

भाषण लिहायला घेतलं. पहिला मसुदा फारच कोरडा झाला, एखाद्या अर्जासारखा. "जमालने चोरी केली नव्हती. दुसरी किल्ली माझ्याकडे होती." असं उठून एकदम कसं बोलायचं? समोर पाचशे माणसं, लहान मुलं. आशय तोच ठेवून भाषा जरा वर न्यायला हवी.


४ जानेवारी २०२५, शनिवार

आठवा मसुदा. आज पहाटे चार ओळी आपोआप आल्या. बऱ्याच वर्षांनी अशा आल्या. उज्वलाला म्हणून दाखवल्या, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जागृती म्हणाली, छान आहेत आबा, पण साधंच बोला ना. तिला काव्यात गती नाही, बापावर गेली आहे.

ती मोबाईलच्या मागचं झाकण उघडून बसली होती. म्हणाली, याच्या स्पीकरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं. आवाज येतो तो त्याच्या जोरावर. जगात प्रत्येकाच्या खिशात तुमचा निओडिमियम आहे. मी म्हटलं, माझा कसला? ती म्हणाली, बरं, जमालचाचांचा.


११ जानेवारी, शनिवार

झालं एकदाचं. मन पिसासारखं हलकं झालंय.

मंडप भरला होता. पाटीवरचा पडदा मीच ओढला. पेटी काचेत ठेवलेली, चौदा बाटल्या ओळीने, जागृतीने छोटे दिवे लावलेले. प्रेसिओडिमियम हिरवा, अर्बियम गुलाबी, आणि निओडिमियमपाशी दोन दिवे, एक पिवळा, एक ट्यूबसारखा, बटण दाबलं की रंग बदलतो. पोरं रांग लावून दाबत होती.

मग माझं भाषण. सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. म्हटलं, या पेटीने मला एक धडा शिकवला. कृत्रिम उजेडात मी एका शुद्ध माणसाला अशुद्ध ठरवलं. सत्य अंगणात उभं होतं आणि मी उंबरा ओलांडला नाही. म्हटलं, तो सहकारी आज इथे नाही, पण त्याच्या चरणी माझं हे मस्तक नम्र आहे. आणि त्या ओळी:

उजेड फसवा, रंग फिरवला, डोळे झाले वैरी,
अंगणातल्या उन्हास मी रे दिली न घरची पायरी,
निर्मळ होते पात्र तयाचे, मळली माझी दृष्टी,
क्षमा मागतो, झुकतो आता, भिजो आसवे सृष्टी.

टाळ्या. थांबेचनात. साईनाथने माइक घेऊन सांगितलं, की आपली चूक अशी जाहीर कबूल करायला फार मोठं मन लागतं आणि म्हणूनच सर सर आहेत. अध्यक्षांनी उठून मिठी मारली. जुने विद्यार्थी पाया पडले. एक बाई म्हणाल्या, सर, शेवटची ओळ ऐकून रडले मी.

शाल, श्रीफळ, मानपत्र.

आज सुनंदा हवी होती.


१२ जानेवारी, रविवार

साईनाथने माझं भाषण सगळ्या ग्रुपांवर टाकलं. सकाळपासून फोन.

जागृती पेटीचा हिशेब देऊन उशिरा आली. निओडिमियमची बाटली तिने परत आणली. मांडणीत आता दुसरी, तिच्या कॉलेजातून आणलेली ठेवली आहे. ही जमालचाचांना द्या म्हणाली. शाळेची परवानगी घेतली आहे. मग चप्पल काढता काढता म्हणाली, "आबा, तुम्ही त्यांचं नाव घेतलंच नाही."

मी म्हटलं, घेतलं की. ती म्हणाली, नाही. सहकारी म्हणालात. माणूस म्हणालात. पात्र म्हणालात.

मसुदा काढून पाहिला. पहिल्या मसुद्यात दोनदा आहे. दुसऱ्यात एकदा. तिसऱ्यात 'प्रिय मित्र'. आठव्यात तेही नाही, वृत्तात बसत नव्हतं म्हणून काढलं असावं. किल्लीचं वाक्य चौथ्यापासून नाही.

पण आशय पोचला. सगळ्यांना पोचला. कुणाबद्दल ते जाणत्यांना कळलंच असणार.


१४ जानेवारी, मंगळवार

तिळाच्या वड्या आणि बाटली घेऊन लोधिवलीला गेलो. वाटेत ठरवलं होतं, झालं ते सरळ सांगायचं. पुन्हा एखादी सभा होईल, तेव्हा घेईन म्हणायचं.

दार अर्धं उघडं होतं. पायरीवर पोचलो तर आतून माझाच आवाज आल्यासारखा वाटला, भिजो आसवे सृष्टी, आणि मग टाळ्या. तीन दिवस तेच कानात घुमतंय. या वयात असे भास होतात. मी खाकरलो. आत गेलो तेव्हा रुकय्या मोबाईल खाटेवर पालथा ठेवत होती. जमाल भिंतीला टेकून बसला होता.

वड्या दिल्या. त्याने एक मोडून अर्धी तोंडात टाकली. गोड बोला म्हणायचा दिवस. तोच म्हणाला, "कसं झालं फंक्शन?"

मी म्हटलं, चांगलं झालं.

"घेतलं नाव?"

रुकय्या मशीनपाशी उभी होती, माझ्याकडे बघत. रस्त्यावरून एक टेंपो गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत मला वेळ होता.

मी म्हटलं, घेतलं.

जमालने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "बरं झालं," म्हणाला. "लय बरं झालं, सर." रुकय्या आतल्या खोलीत निघून गेली. चहा टाकायला गेली असेल असं वाटलं, पण चहा आला नाही.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्याचं समाधान झालं, अजून काय हवं? मी बाटली काढून त्याच्या उशाशी ठेवली. म्हटलं, ही आता तुझी. त्याने ती उचलली, दारातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धरली. त्याच्या बोटांवर जांभळी सावली पडली. मग बाटली माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि वरून दोनदा थोपटलं, पेटीला थोपटायचा तसं.

"घेऊन जा सर. माज्या घरात सापडायला नको."

जमालची थट्टा करायची सवय अजून गेलेली नाही. मी हसलो. तो हसला नाही, पण त्याला दमही लागतो हल्ली.

चौकपर्यंत मिनिडोरमध्ये पुढच्या सीटवर बसलो, भर दुपार, ऊन थेट अंगावर. बाटली खिशात होती. काढून पाहिली नाही. घरी आल्यावर आतल्या खोलीत गेलो, ट्यूब लावली आणि ट्रंक उघडली.